दोन भिंती

रंगवलेली भिंत आपण येता-जाता पाहतो. छान वाटते, पुढे जातो. ती रंगवण्याआधी कोण कोण एकत्र बसलं होतं, हे भिंतीवर कुठेच लिहिलेलं नसतं. मला मात्र हल्ली तेच आधी विचारावंसं वाटतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली महापौर विल्सन गुड यांनी भिंती खराब करणाऱ्या मुलांना आवरण्यासाठी मोहीम काढली. त्या मुलांबरोबर काम करायला जेन गोल्डन ही तरुण चित्रकार आली. रात्री चोरून भिंतींवर नावं फवारणाऱ्या हातांना तिने भरदिवसा, उजळ माथ्याने करायचं काम दिलं. तेव्हापासून त्या शहरात ४,०००हून अधिक भित्तिचित्रं झाली.

त्यातली दोन माझ्या मनातून जात नाहीत. २००४च्या सुमारास शहराबाहेरच्या ग्रेटरफोर्ड तुरुंगातले कैदी आणि गुन्ह्यांत ज्यांचं माणूस गेलं अशी कुटुंबं यांनी मिळून एक भिंत रंगवावी, असं ठरलं. कैद्यांमध्ये जन्मठेप भोगणारे होते. समोर बसलेल्यांत कुणाचं पोटचं पोर मारलं गेलेलं. अशी माणसं एका खोलीत आल्यावर काय होणार? वाद झाले. कैद्यांना पश्चात्ताप दाखवायचा होता, आपण बदललो हे सांगायचं होतं. समोरच्यांना आपलं दुःख आधी ऐकलं जायला हवं होतं. चित्र एक होईना.

तेव्हा भिंती दोन करायचं ठरलं. एक कैद्यांच्या वाटचालीची, दुसरी पीडितांच्या. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ओढूनताणून एकच गोड चित्र काढलं असतं, तर ते दोघांशीही खोटं ठरलं असतं. दोन वेगळ्या भिंतींसाठी मात्र दोन्हीकडची माणसं एकत्र बसून रंग भरत राहिली.

कैदी भिंतीपर्यंत जाणार कसे, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर एका कापडात होतं. तिथले चित्रकार पातळ, न विणलेलं कापड वापरतात. त्याला ते पॅराशूट कापड म्हणतात. मोठ्या चित्राचे साधारण पाच-पाच फुटी चौकोन पाडायचे, प्रत्येकावर रेषा आखून कुठे कुठला रंग ते आकड्यांनी लिहायचं. मग ज्याला ब्रश धरता येतो तो कुणीही ते भरू शकतो, शाळेत, वृद्धाश्रमात, गजांआडही. वाळलेले तुकडे भिंतीवर चिकटवले की सांधासुद्धा दिसत नाही. उत्तर फिलाडेल्फियात, जर्मनटाउन अव्हेन्यूवर, ही दोन्ही चित्रं अशीच लागली. चित्र बाहेर गेलं, रंगवणारे आतच राहिले.

या चित्रांनी गेलेली माणसं परत आली नाहीत, शिक्षाही माफ झाल्या नाहीत. पण एरवी ज्यांची गाठ न्यायालयातच पडायची, त्यांनी एकमेकांना बोलताना ऐकलं. माझ्या लेखी बदल तिथे झाला, चित्र भिंतीवर चढण्याच्या कितीतरी आधी.

आपल्याकडेही आता उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या कुंपणभिंती रंगवल्या जातात. पुष्कळदा सकाळी उठून पाहावं तर चित्र तयार; समोरच्या चाळीतल्या कुणाला कुणी काही विचारलेलं नसतं. म्हणून एक विनंती आहे. तुमच्या वस्तीतली भिंत रंगवायला कुणी आलं, तर रंगाचे डबे उघडण्याआधी एक सतरंजी अंथरा आणि ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, अशा घरांना पहिलं बोलावणं धाडा.