एका रात्रीचा पाहुणा

तीर्थयात्रेच्या पुण्याचा हिशेब मांडताना धर्मशास्त्राने यात्रेकरूचा जितका विचार केला, तितका तो ज्यांच्या दारावरून जातो त्या गावांचा केला नाही. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यानचे रनाळे हे असे एक शेतकरी गाव असून प्रकाशा व सारंगखेडा ही तापीकाठची तीर्थे त्याच्याच परिसरात येतात, तर चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगीच्या गडावर पायी जाण्याची रीत साऱ्या खानदेशात आहे.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना असे कारण दिले आहे की, यज्ञाला लागणारे द्रव्य दरिद्र्यापाशी नसते, परंतु यात्रा त्यालाही करता येते. पुढे निबंधकारांनी, म्हणजे धर्मविषयक वचनांचे संग्रह सिद्ध करणाऱ्या पंडितांनी, या फळाला अपूर्णांक लावले: परक्यासाठी जाणाऱ्यास सोळावा हिस्सा आणि ‘प्रसंगाने’, म्हणजे दुसऱ्या कामाच्या ओघात, जाणाऱ्यास अर्धे फळ. हा नियम सारंगखेड्याला लावू गेल्यास मोठी पंचाईत होते, कारण मार्गशीर्षातील दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा प्रसिद्ध बाजार एकाच वेळी भरतात, आणि दर्शन घेऊन बाजारही उरकणाऱ्या शेतकऱ्याचा मुख्य हेतू कोणता, हे बहुधा त्यालाही सांगता येणार नाही. हा नियम करणाऱ्यांना घरची शेती नसावी.

शेतीचे पंचांग यात्रेच्या पंचांगाशी नेहमी जुळत नाही. चैत्रात रब्बी निघालेली आणि खरीप दूर असल्याने पाय मोकळे असतात. मार्गशीर्षात मात्र कापसाची वेचणी चालू असते आणि नंदुरबारकडची लाल मिरची पथारीवर, म्हणजे ती वाळवण्याच्या मोकळ्या जागेवर, पसरलेली असते. साहजिकच घरातले एक माणूस जाते आणि दुसरे राखणीला राहते. या मागे राहिलेल्याचा वाटा अपूर्णांकांत कोठे बसतो?

त्याचे उत्तर तीर्थप्रकरणात नसून गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत, म्हणजे पाच नित्यकर्मांत, शोधावे लागते. त्यांतील मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीचा सत्कार; मागे राहिलेला माणूस दारावरून जाणाऱ्या यात्रेकरूला पाणी-भाकरी देतो, तेव्हा तो हाच यज्ञ करतो. मनूच्या मते जो एकच रात्र राहतो, ज्याची स्थिती अनित्य असते, तो अतिथी. मात्र ब्राह्मणाच्या घरी आलेल्या इतर वर्णांच्या माणसांना तो हे नाव देत नाही, आणि सार्वजनिक पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली दलितांना महाडला सत्याग्रह करावा लागला, हे लक्षात घेतल्यास वाटेवरच्या पाणपोईला निरपवाद पुण्य बहाल करणे भाबडेपणाचे ठरेल.

एका रात्रीच्या पाहुण्याची कल्पना खानदेशात अधिक जिवंतपणे दिसते ती कानबाईच्या उत्सवात. नागपंचमीनंतरच्या श्रावणी रविवारी ही देवी घरात बसवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी मिरवत नेऊन तिचे विसर्जन करतात. येथे भक्त देवाकडे जात नाही, देवीच वस्तीला येते. त्यामुळे शेत सोडू न शकणाऱ्यालाही यात्रेतला यजमानपणा लाभतो. परंतु या आतिथ्यालाही कुंपण आहे: कुटुंबातील पुरुषांच्या संख्येनुसार सव्वाच्या मापाने गहू घेऊन केलेले रोट भाऊबंदांतच खाऊन संपवायचे असतात. वाटसरूला भाकरी मिळते, रोट मिळत नाही.