शनिवारी मुका होणारा रेडिओ



इस्रायलमध्ये 'कोल खै' नावाचे एक रेडिओ केंद्र आहे. या हिब्रू शब्दांचा अर्थ 'जिवंत आवाज'. १९९६ साली ते धार्मिक वृत्तीच्या ज्यू श्रोत्यांसाठी सुरू झाले. आठवडाभर त्यावर शास्त्रवचनांचे विवेचन, गाणी, बातम्या, जाहिराती असे सगळे चालते. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मात्र हा जिवंत आवाज थांबतो, तो शनिवारी रात्र पडल्यावरच पुन्हा ऐकू येतो. लोकांना घरी निवांत वेळ मिळतो नेमक्या त्याच दिवशी केंद्र बंद! आपल्या लोणावळ्यातल्या कोणत्याही चिक्कीवाल्याला विचारा, ऐन शनिवार-रविवारी दुकानाला कुलूप लावशील का? तो आपल्याकडे काळजीने पाहील.

कोणी म्हणेल, आज संगणक आहे. शुक्रवारी दुपारी कार्यक्रम भरून ठेवावेत, वेळ लावून द्यावी आणि माणसांनी घरी जावे. यंत्र बोलत राहील, शब्बाथ कोणीच मोडणार नाही. ही शंका वाटते तितकी नवी नाही. इसवी सन २००च्या सुमारास ज्यू गुरूंचे नियम 'मिश्ना' या ग्रंथात संकलित झाले. त्यातल्या शब्बाथच्या प्रकरणात हाच वाद आहे: शुक्रवारी सुरू केलेले काम शनिवारी आपोआप चालू राहिले तर चालेल का? रंगात भिजत घातलेली लोकर, रानात लावलेले जाळे अशी उदाहरणे घेऊन शम्मायचे शिष्य नको म्हणतात, हिल्लेलचे शिष्य हो म्हणतात. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत आहे. जैतुनाच्या ठेचलेल्या फळांवर तेलाच्या घाण्याची जड तुळई दिवस मावळण्याआधी ठेवून द्यावी. रात्रभर तेल ठिबकत राहिले तरी हरकत नाही. माणूस घरी आहे, तुळई आपल्या वजनाने आपले काम करते आहे.

मग रेडिओला का नाही? कारण पुढच्या गुरूंनी आणखी एक प्रश्न काढला, तो आवाजाचा. जात्याची घरघर शनिवारी बाहेर ऐकू आली, तर जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटणार, आत काम चालू आहे. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरी मोशे इस्सेर्लेस नावाचे थोर गुरू होते. त्यांनी ठोके देणाऱ्या घड्याळाला सूट दिली, कारण घड्याळाला किल्ली आदल्या दिवशीच दिलेली असते हे सर्वांना ठाऊक असते. रेडिओवर तर माणूस बोलतो. तो आत्ता बोलतो आहे की परवा बोलून गेला, हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? आणि ज्यांच्यासाठी हे केंद्र चालते ते श्रोते शनिवारी रेडिओच्या बटणाला हातच लावत नाहीत. मग बोलायचे तरी कोणासाठी?

आपल्यापैकी काहींना हा सगळा कीस वाटेल. परुश्यांची थट्टा करायची आपल्याला सवय झाली आहे, आणि ती फारशी चांगली सवय नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू अठरा वर्षे वाकून गेलेल्या स्त्रीला शब्बाथ दिवशी बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा प्रभू त्याला विचारतो की, तुम्ही शब्बाथला आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता ना? प्रभू शब्बाथ मोडीत काढत नाही. शब्बाथ पाळणाऱ्यांच्याच गोठ्यातला दाखला तो त्यांच्यापुढे ठेवतो.

या बैलावरून आपल्याला बोरघाट उतरून खाली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात जायचे आहे. पेण, अलिबाग, रेवदंडा, नवगाव या भागात बेने इस्रायल समाज कित्येक शतके राहिला. पेणकर, दिवेकर, रेवदंडेकर, केहीमकर ही त्यांची आडनावे त्या गावांवरूनच आली आहेत. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि जवळचे सारे काही गमावून बसले. पुढे हिब्रू भाषाही विसरली गेली, घरात मराठी आली. मिश्नाच काय, मोशेचे ग्रंथही त्यांच्या हाताशी नव्हते. पण शनिवारी घाणा फिरत नसे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, तसे हे 'शनिवार तेली'. ज्या समाजाजवळ ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता, त्याची ओळख शेजाऱ्यांनी त्याच्या विश्रांतीच्या वारावरून ठरवली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कोकणातला घाणा आणि मिश्नातला घाणा यांत एक फरक आहे. तिकडे तुळई आपल्या वजनाने तेल काढते. इकडे लाट फिरवायला बैल लागतो, डोळ्यांना झापड लावून दिवसभर गोल गोल चालणारा. त्यामुळे शुक्रवारी जुंपून ठेवला आणि आपण प्रार्थनेला बसलो, असे शनिवार तेल्याला करता येत नव्हते. आज्ञा स्पष्ट आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात कोणी काम करायचे नाही याची यादीच आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादच्या पाचव्या अध्यायात बैल आणि गाढव यांचा नावाने उल्लेख आहे आणि कारणही दिले आहे: तू मिसर देशात गुलाम होतास, ते विसरू नकोस. तेल्याचा शनिवार त्याच्या बैलावाचून पुरा होत नव्हता.

(या यादीत बायकोचे नाव नाही, हे चाणाक्ष भगिनींच्या लक्षात आले असेल. पण शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू घरात शनिवारचे जेवण शुक्रवारीच शिजते, म्हणून घरची बाई त्या दिवशी चुलीपाशी नसते. आपल्याकडे रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर मटण कोण शिजवते, ते ज्याचे त्याने पाहावे.)

आता पुन्हा रेडिओकडे येऊ. १९९१ सालच्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रे इस्रायलवर पडू लागली. धोक्याची सूचना रेडिओवर मिळे. शब्बाथ पाळणाऱ्यांनी काय करावे? जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा लागतो, हा त्यांचा फार जुना नियम. तेव्हा एक वेगळी तजवीज करण्यात आली. एका लहरीवर काहीच लावायचे नाही, ना गाणे ना बातमी. शुक्रवारीच रेडिओ त्या लहरीवर लावून ठेवायचा. संकट आले तरच त्यातून आवाज येईल. तिला 'मूक लहर' म्हणत. ज्यांना रात्री निजायचे होते त्यांनाही तिचा आधार झाला. घरात रेडिओ चालू आहे आणि मुका आहे, तरी तो आपल्यासाठी जागा आहे.

पण रेडिओ मुका असला तरी त्या केंद्रावर कोणीतरी जागत बसलेले असते. यंत्रापाशी माणूस असतो, आणि ज्यू गुरूंनी हाही प्रश्न सोडला नाही. बने ब्राक शहरात राहणारे आणि १९५३ साली वारलेले 'हझोन ईश' या नावाने ओळखले जाणारे गुरू सांगत की, शब्बाथच्या दिवशी ज्यू कामगार वीजकेंद्रात राबून वीज तयार करत असतील, तर ती वीज आपण वापरू नये. त्यामुळे त्या शहरात आजही कित्येक जण शनिवारी वेगळ्या जनरेटरवर दिवे लावतात. आपण म्हणू, ही अतिशयोक्ती झाली, इस्पितळे कशी चालायची? त्यांचेही सर्व गुरू याला मान्यता देतात असे नाही. पण दिव्याच्या बटणामागे कोणीतरी पाळीवर उभा आहे, हे त्या माणसाला दिसले. आपल्या वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी १९१५ सालापासून घाटाखाली खोपोलीला उतरून मुंबईसाठी वीज करते आहे. रविवारी दिवा लावताना खोपोलीच्या पाळीवरचा माणूस आपल्यापैकी किती जणांना आठवला असेल?

आणि लोणावळ्याचा रविवार तो काय वर्णावा! पावसाळ्यात मुंबई-पुण्याची विश्रांती घाट चढून आपल्या दारात येते. त्यांची सुटी म्हणजे आपली जुंपणी. भुशी धरणाच्या रस्त्यावर मक्याची कणसे भाजणारी बाई, हॉटेलातला आचारी, टॅक्सीवाला, चादरी बदलणाऱ्या मुली, बंगल्याचा माळी आणि त्याची बायको. आपल्या धर्मग्रामांतही असे कितीतरी जण आहेत. ते मिस्साला दिसत नाहीत म्हणून त्यांच्याविषयी कुजबुज होते. त्यांना दोष देण्याचे मला धारिष्ट्य होत नाही. ज्याच्या घरी सहा महिन्यांचे पोट चार महिन्यांच्या रविवारांवर भरते, त्याला विश्रांतीवर व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यायचे? ख्रिस्तसभेची शिकवणही तेच सांगते. जी कामे अडून राहू शकत नाहीत ती करणाऱ्यावर दोष नाही, मात्र दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशी मागणी कारण नसताना करू नये.

म्हणजे प्रश्न आपल्यासारख्यांना आहे, जे रविवारी मिस्साला येतात आणि जाताना हॉटेलात जेवतात, ज्यांच्या घरी रविवारीही मोलकरीण येते, ज्यांची दुकाने किंवा बंगले आहेत आणि ज्यांच्या फाटकावर चौकीदार आहे. तो चौकीदार ख्रिस्ती असो वा नसो, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्याचे नाव त्या यादीत आहेच. त्याला रविवार देता येत नसेल तर मंगळवार देता येईल. पगार कापून दिलेली सुटी मात्र यात मोजू नये.

आपल्या उपासनेत रविवार ज्यूंच्या शब्बाथप्रमाणेच आदल्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणून शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. आपल्याकडे कामाला असलेल्या कोणा ख्रिस्ती मुलाला रविवारी सोडता येत नसेल, तर शनिवारी त्याला संध्याकाळी वेळेवर सोडा. गिऱ्हाईक असले तरी सोडा. तेवढा तासभर गल्ल्यावर मालकाने स्वतः बसावे.