पहारेकरी पेशीचा दोष कोणाचा?

चेन्नईत अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये देशभरातून रुग्ण येतात. गाठीच्या तपासणीचा अहवाल हाती पडला की घरच्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात: कुठवर पसरलंय, आणि आमच्याच वाट्याला का? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसरा प्रश्न मैलापूरच्या कपालीश्वरासमोर जातो. मराठी घरात तो ‘कुठल्या जन्मीचं पाप’ या शब्दांत येतो.

लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरच्या बाबतीत मात्र पहिल्या उत्तरातच दुसऱ्याचं बरंचसं उत्तर आहे.

इतर बहुतेक कॅन्सरमध्ये पेशीला आधी आपली जागा सोडावी लागते. लिम्फोसाइट ही देहाची राखण करणारी पांढरी पेशी मुळातच फिरती. ती रक्तातून लसिकाग्रंथीत उतरते, जंतूंची चाहूल घेते, लसिकेबरोबर पुढे निघते आणि मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात मिसळते. हीच राखणदार पेशी बिघडली तर तिला वाटा आधीच ठाऊक असतात. हॉजकिन लिम्फोमा बहुधा एका ग्रंथीतून शेजारच्या ग्रंथीत सरकतो; इतर लिम्फोमा मधली ठाणी सोडून थेट अस्थिमज्जेतही उगवतात. म्हणून गाठी श्वासपटलाच्या एकाच बाजूला आहेत की दोन्हीकडे, हे डॉक्टर बारकाईनं पाहतात.

आणि ती बिघडते कशी? नवनवे जंतू ओळखता यावेत म्हणून बी-पेशी हा लिम्फोसाइटचा प्रकार स्वतःच्याच जनुकांची काटछाट करतो. या काटछाटीवाचून साध्या संसर्गातूनही माणूस उठला नसता. तिच्यात कधी चुकीचा सांधा जुळतो. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकदा १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, आणि वेळ आली की मरायचं, हे पेशी विसरते.

यात पाप कुठे शोधायचं? ज्या धडपडीवर देह जगतो, तिच्यातलीच ही चूक. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटलंय आणि त्याला जाणणारा वेगळा मानलाय. कर्माची गती गहन आहे, हेही गीताच सांगते. मग भेटायला आलेल्यांनी आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या कर्माचा हिशेब मांडावा, हा निव्वळ निर्दयपणा आहे.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कॅन्सरनं गेली. ‘का’ या प्रश्नापाशी त्या थांबल्या नाहीत. १९५४ साली त्यांच्या प्रयत्नांतून अड्यारला १२ खाटांचं हे रुग्णालय सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथे रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता २०२१ मध्ये वारल्या, तोवर रुग्णांजवळ, त्याच आवारात राहत होत्या.