पुळण आणि फुटलेले तारू

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:२७-४४



सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या उत्तरेस निवती नावाचे गाव आहे. तेथील जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे एका बाजूस भोगव्याची लांबच लांब वाळू दिसते आणि दूर समुद्रात वेंगुर्ले रॉक्सवरील दीपस्तंभ दिसतो. टेकडीच्या पायथ्याशी मात्र किनारा खडकाळ आहे. लाटा कातळावर आदळतात आणि फुटतात. अशाच कातळांच्या मध्ये, कोणाच्या सहसा दृष्टीस न पडणारी वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. कोकणात तिला पुळण म्हणतात.

काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो, तेव्हा माझे मन स्वस्थ नव्हते. भाषांतराच्या ज्या कामाला मी अकरा वर्षे दिली होती, ते अर्ध्यावरच बंद झाले होते. हस्तलिखितांचे गठ्ठे कपाटात गेले होते आणि माझी प्रार्थनाही जणू त्यांच्याबरोबर कपाटात गेली होती. वाळूत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याला मी सहज म्हटले, की वादळात सापडलेल्या होडीला ही पुळण मोठाच आधार वाटत असेल. त्यांनी मान हलवली. पुळण लांबून सर्वांनाच दिसते, ते म्हणाले, पण तिच्या वाटेवर पाण्याखाली खडप असते. पुळण दिसली म्हणजे होडी लागली असे नव्हे.

त्या संध्याकाळी मी प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय पुन्हा उघडला.

पौलाचे तारू चौदा रात्री वाऱ्यावर हेलकावत होते. खलाशांनी बुडीद टाकली, तेव्हा वीस वाव पाणी लागले. थोड्या वेळाने पंधरा वाव. खडकावर आपटण्याच्या भीतीने त्यांनी चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. उजाडल्यावर दिसली ती अनोळखी भूमी, आणि तिच्यात वाळूचा किनारा असलेला एक समुद्राचा बाक. ते बेट मेलिता, म्हणजे आजचे माल्टा. त्याच्या नैर्ऋत्येस उंच कडे समुद्राला भिडलेले आहेत. अशा बेटावर वाळू दिसणे हीच कृपा होती.

येथे लूकने वापरलेले दोन ग्रीक शब्द भाषांतरकाराला थांबवतात. वाळूच्या किनाऱ्यासाठी शब्द आहे ‘ऐगिआलोस’. पुनरुत्थित प्रभू पहाटे ज्या किनाऱ्यावर उभा राहिला, त्यालाही योहानाने हाच शब्द योजला आहे (योहान २१:४). समुद्राच्या बाकासाठी शब्द आहे ‘कोल्पोस’. त्याचा मूळ अर्थ ऊर, कुशी. वस्त्राच्या ओट्यालाही तोच शब्द. पुत्र पित्याच्या उराशी आहे (योहान १:१८), शिष्य भोजनाच्या वेळी येशूच्या उराशी टेकला होता (योहान १३:२३), लाजराला देवदूतांनी अब्राहामाच्या उराशी नेले (लूक १६:२२): सर्वत्र हाच शब्द. लूकने येथे भूगोलच सांगितला आहे, हे मी जाणतो. एका शब्दावर सिद्धांत उभारू नये. तरीही दगडी किनाऱ्याने एके ठिकाणी कुशी उघडावी, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

पण पुढे काय झाले? तारू त्या कुशीत पोहोचले काय? नाही. दोन्हीकडून समुद्र आत येत होता अशा जागी ते रुतले. नाळ घट्ट बसली, वरामा लाटांनी फुटला. पुळण डोळ्यांसमोर होती आणि तारू मोडत होते.

वाचकहो, हे देवाच्या वचनाविरुद्ध घडले काय? मागे बावीसावे वचन पाहा. पौलाने आधीच सांगितले होते की कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही, नाश होईल तो तारवाचाच. हे वचन मी कितीदा वाचले होते! परंतु माझी प्रार्थना मात्र सदैव तारवासाठी होती. देवाने ज्याचे अभिवचन दिलेच नव्हते, ते न मिळाल्याबद्दल मी त्याच्यावर रुसलो होतो.

तुमचे तारू कोणते? स्थिर नोकरी, निरोगी देह, पोटच्या मुलाकडून बाळगलेली आशा, की अनेक वर्षे चालवलेली सेवा? ते मोडले म्हणून देवाने तुम्हांला सोडले असे समजू नका. दोनशे शहात्तर जणांपैकी पोहता येणारे पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर बसून गेले. जे मोडले, त्याच्याच फळ्यांनी त्यांना किनाऱ्याला पोहोचवले. आणि कैदी पळून जातील या भीतीने त्यांना ठार मारण्याचा शिपायांचा बेत शताधिपतीने मोडला. म्हणून बेड्यांतली माणसेही त्या संख्येत उरली.

माझ्या कामाचे पुस्तक झाले नाही. पण त्यातील काही वह्या एका लहानशा मंडळीत गेल्या. अक्षरओळख नसलेल्या एका आजीबाईंना त्यांची नात रोज सायंकाळी त्यातून वाचून दाखवते, असे मला पुढे कळले. तारू गेले, एक फळी किनाऱ्याला लागली.

आणखी एक गोष्ट. त्या किनाऱ्यावर पाऊस होता, थंडी होती. आणि तेथील अनोळखी लोकांनी शेकोटी पेटवून भिजलेल्या सर्वांना जवळ घेतले. कैदी कोण आणि शिपाई कोण, हे त्यांनी विचारले नाही. आपली मंडळी कशी आहे? फुटलेल्या माणसाला ती पुळण वाटते, की कातळ? पुढच्या रविवारी मागच्या बाकावर कोणी ओलाचिंब येऊन बसला, तर त्याच्यासाठी आपल्याकडे शेकोटी आहे काय?

प्रार्थना : हे पित्या, आमचे तारू राहो वा जावो, आम्हांला तुझ्या उराशी घे. जे उरले आहे त्यावर आम्हांला तार, आणि आमच्यामागून येणाऱ्यांसाठी आमच्या हातून शेकोटी पेटव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.