खांदेमळणीची हळद

आपल्या दिवाळीचा पहिला दिवा गोठ्यात लागतो. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेच्या सायंकाळी, सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालून आणि तिला हळदकुंकू वाहून सुवासिनी जी पूजा करतात, तिचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे. परंतु त्याच व्रताच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे त्या दिवशी दूध, दही, तूप वर्ज्य मानण्याच्या दंडकाकडे, आपले लक्ष सहसा जात नाही. ओवाळण्याने गाईच्या पदरात काय पडते ते सांगणे कठीण. दूध वर्ज्य केल्याने मात्र वासराच्या वाट्याला निदान एक दिवस तरी पोटभर पान्हा येण्याचा संभव असतो. धर्मश्रद्धेने मनुष्याचे पशूंशी जे नाते जोडले, त्यात पूजेचा आणि निग्रहाचा असे हे दोन धागे एकत्र वळलेले आहेत. आणि भूतदयेचा भार प्रायः दुसराच धागा पेलतो, असे माझे नम्र मत आहे.

नागपंचमीस हे दोन्ही धागे उसवून निरनिराळे दिसतात. त्या दिवशी नांगर धरू नये, जमीन खणू नये, काही चिरू नये, चुलीवर तवा ठेवू नये, हा नेम आमच्या आजीच्या पिढीने निष्ठेने पाळला. त्यामागची समजूत कोणास भाबडी वाटेल. पण ऐन श्रावणात, बिळांत पाणी शिरून सरपटणारे जीव बाहेर पडतात त्या दिवसांत, फाळ एक दिवस निजून राहिला तर त्याचे पुण्य प्रत्यक्ष सर्पाच्या खाती जमा होते. याउलट गारुड्याच्या टोपलीतून दारी येणारा नाग! त्याचे दात उपटलेले असत, त्याला तहानलेला ठेवलेला असे, आणि जे दूध त्याच्या देहाला पचत नाही ते केवळ तहानेपोटी तो पिई. पाजणारी मनोभावे हात जोडी आणि नाग पुढे टोपलीतच मरे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असा नाग बाळगणे आज गुन्हा आहे. म्हणजे श्रद्धेने जेथे स्वतःस आवरले नाही, तेथे कायद्यास आवरावे लागले.

पूजा आणि दया यांचे अद्वैत पाहावयाचे तर पोळ्याची आदली सायंकाळ पाहावी. बैलांना न्हाऊ घालून, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना शेतकरी हळद आणि तूप चोळतो, आणि घरच्या माणसास सांगावे तसे ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून त्यांना सांगतो. या खांदेमळणीत हळद पूजाद्रव्यही आहे आणि औषधही आहे. मुख्य म्हणजे, ज्या हाताने जू ठेवले त्याच हाताच्या बोटांना तो घट्टा लागतो. दुरून अक्षता टाकणाऱ्यास जी जखम कधीच दिसली नसती, ती चोळणाऱ्यास चुकवता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की गाय दूध देते, बैल राबतो, नागाचे भय वाटते. हा सारा देण्याघेण्याचा व्यवहार झाला. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या संतकथांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. काशीहून रामेश्वरास चाललेली गंगेची कावड नाथांनी तापल्या वाळवंटात तडफडणाऱ्या प्राण्याच्या मुखी रिती केली. तो प्राणी गाय नव्हता, गाढव होता. नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ते कुत्र्यामागे. ज्ञानदेवांच्या पाठीवर वळ उठले ते रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे. या कथांना दप्तरी पुरावा नाही. तथापि शतकानुशतके त्या सांगणाऱ्या समाजाने देव्हाऱ्यात ज्यांना जागा नाही असेच प्राणी निवडावेत, याला मी योगायोग मानीत नाही. पवित्र पशूवर दया करताना आपण त्याच्या पावित्र्याचा मान राखतो. गाढवाला पाणी पाजताना मात्र केवळ त्याची तहानच आपल्यापुढे असते.

श्रद्धेचे हे बळ एकदा सरकारलाही जाणवले. 1832 साली मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम सुटला आणि कुत्र्यामागे बक्षीसही ठरले, तेव्हा ज्यांच्या धर्मात श्वानाला मान आहे ते पारशी लोक कोटात खवळून उठले, दुकाने बंद झाली आणि बंदोबस्तासाठी फौज आणावी लागली. या प्रकरणातूनच पुढे 1834 साली जमशेटजी जीजीभाई हे पारशी आणि मोतीशा हे जैन शेट, अशा दोन धर्मांच्या गृहस्थांनी मुंबईच्या पांजरपोळाची तजवीज केली. अर्थात, न मारणे म्हणजे वेदना हरणे नव्हे. मरू न दिलेले जनावर खितपत पडले तर अहिंसेचा हिशेब अपुराच राहतो, हे आश्रय देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ध्यानी बाळगावे असे आहे.

पौष पौर्णिमेस जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. विटा, माती आणि दगड वाहून पाठी सोललेली जनावरे गडाच्या पायथ्याशी उभी असतात, त्यांचे दात पाहून सौदे ठरत असतात, आणि वर मल्हारीच्या नावाने भंडारा उधळून आसमंत पिवळा होत असतो. भंडारा म्हणजे हळदच, खांदेमळणीची तीच हळद. ती गडावर ओंजळीओंजळीने उधळावी. फक्त उतरताना मुठीत चिमूटभर उरवावी.