मर्यादेआतील दोष

पाण्यात मळ टाकू नये, असे धर्मशास्त्र सांगत आले. किती टाकला तर चालेल, हे ठरविण्याचे काम आधुनिक राज्याकडे आले. १९७४च्या जल कायद्याने प्रदूषण मंडळाच्या संमतीविना सांडपाणी सोडण्यास मनाई केली. पुढे पर्यावरणविषयक नियमांनी नदीत सोडावयाच्या सांडपाण्यातील एकूण क्रोमियमची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम ठरविली.

गंगाकाठी कानपूरच्या जाजमऊ भागातील चर्मोद्योगासंबंधी १९८७ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक कुवतीची सबब अमान्य केली. किमान वेतन देऊ न शकणारा कारखाना जसा चालू देता येत नाही, तसाच प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करू न शकणाराही, असा त्या निकालाचा आशय होता. बंदीने मजुरांची रोजी जाईल, याची जाणीव न्यायालयाला होती. तरी लोकांचे जीवन व आरोग्य त्याने श्रेष्ठ मानले. स्वच्छ पाणी हे समाजाचे देणे ठरले, ऐपतीप्रमाणे करावयाचे दान नव्हे.

तथापि मर्यादेचे माप लिटरमागे असते आणि नदीला सोसावा लागतो तो एकूण भार. प्रत्येक कारखाना नियमात राहिला, तरी कारखान्यांची संख्या वाढते, उन्हाळ्यात प्रवाह आटतो आणि क्रोमियम नाहीसे न होता गाळात साचत राहते. अशा वेळी गुन्हेगार कोणीच नसतो. नदी मात्र दूषित असते. संमतीपत्र मंडळ देते. खालच्या काठावर ओंजळ भरणाऱ्याची संमती कोणी घेतलेली नसते. कायद्याने निर्दोष ठरलेला उद्योजक त्या ओंजळीपुढेही निर्दोष ठरतोच, असे नाही. मर्यादेची मोजणी तेथून सुरू व्हावयास हवी.