जखमेचा दाखला

देहावरची जखम खरी की कागदावरची, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु अमेरिकेतील अनेक माजी सैनिकांना उतारवयात नेमक्या याच प्रश्नाशी झगडावे लागले आहे. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या सैनिकाला तेथे ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८२ साली सुरू केलेल्या सन्मानचिन्हाचे हे १९३२ मधले पुनरुज्जीवन. ते शौर्यासाठी नसते. कोणाच्या कृपेवरही अवलंबून नसते. नियमात बसणाऱ्या जखमीचा तो हक्कच आहे. मात्र जखम शत्रूच्या हातून झाली, तिला वैद्यकीय उपचार लागले आणि त्या उपचारांची नोंद झाली, हे दिसावे लागते.

नोंद! धुमश्चक्रीत पट्टी बांधून पुन्हा आघाडीवर परतलेल्या शिपायाची नोंद कोण ठेवणार? आणि ठेवली तरी ती टिकेल याची हमी काय? १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात नष्ट झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेच नव्हत्या. सूचीही नव्हती, म्हणजे काय गेले, हेसुद्धा धड सांगता येईना.

लष्करी नोंदीतील चूक दुरुस्त करण्याचा मार्ग कायद्याने १९४६ मध्येच खुला केला होता. नागरी सदस्यांचे मंडळ अर्ज तपासते. तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी ती शिथिल होते. इथवर ठीक. मात्र शासनाची नोंद बरोबरच आहे, असे मंडळ गृहीत धरते; ती चुकली हे दाखविण्याचा भार अर्जदारावर. आम्हांला खटकते ते येथे. कागद जळाला शासनाच्या ताब्यात, आणि पुरावा मागायचा कोरियाच्या युद्धातून आलेल्या नव्वदीच्या वृद्धाकडे, ज्याचे साक्षीदार केव्हाच मातीआड गेले! अपंगत्वाची भरपाई देताना हाच देश अधिक उदार असतो. दोन्ही बाजूंचा पुरावा तोलास तोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो. म्हणजे एकाच जखमेसाठी एका कार्यालयाने पैसे द्यावेत आणि दुसऱ्याने पदक नाकारावे, असेही घडू शकते.

मग मागेल त्याला पदक द्यावे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. करुणेपोटी केलेली खोटी नोंदही खोटीच, आणि ज्याने खरोखर रक्त सांडले त्याच्यावर तिने अन्यायच होतो. परंतु पुरावा तपासणे निराळे आणि तो शोधणे निराळे. ज्याच्या हातून कागद गेला, शोधाचे कष्टही त्यानेच घ्यावेत, एवढे तरी न्यायाला धरून आहे. असा शोध फळाला आल्याचे दाखलेही आहेत. तुकड्यांचे दैनंदिन अहवाल आणि पगारपत्रके कामी आली. १९८८ मध्ये दुसरे महायुद्ध व कोरिया या काळातील लष्करी रुग्णालयांच्या नोंदींच्या संगणकीय फिती उजेडात आल्या. त्यांत नावे नव्हती. होते ते सैनिकांचे सेवाक्रमांक आणि दुखापतीचे सांकेतिक आकडे. ज्याला आपला जुना क्रमांक आठवत होता, त्याची जखम त्या आकड्यांत सापडू शकत होती.